शॉटगनला बॅरल कुठली लावायची? आधी काडतूस कुठलं ते सांगा

ऑक्टोबर आला की इकडे आयोवात ऑफिसमधली निम्मी मंडळी फेजंटच्या (रानकोंबड्यासारखा एक पक्षी) गप्पा मारायला लागतात, मग आपल्यातला कोणीतरी एखाद्या शनिवारी त्यांच्याबरोबर मक्याच्या शेतात जाऊन येतो, त्याला ते आवडतं आणि सोमवारी मला मेसेज येतो, "दादा, शॉटगन कुठली घेऊ?" प्रश्न बरोबर आहे, पण क्रम उलटा आहे. आधी ठरवा मारायचं काय, त्यावरून ठरतं काडतूस, काडतुसावरून ठरते बॅरल म्हणजे नळी, आणि बंदूक कुठल्या कंपनीची हा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो. लोक नेमकं शेवटून सुरू करतात आणि मग एकाच बॅरलमधून बदक, टर्की, हरीण सगळं मारायला बघतात आणि वर म्हणतात बंदूकच खराब आहे.

भारतातून वाचत असाल तर आधीच सांगतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिकडे हौसेची शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेतलं आहे, जिथं लायसन्स काढून, सीझन पाळून, दिवसाला किती मारायचे त्याची मर्यादा पाळून हा प्रकार चालतो. आणि इकडच्या एच-वन वाल्यांनी हे नीट वाचा: नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही, त्याला काही अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे चालू असलेलं हंटिंग लायसन्स. म्हणजे मित्राची बंदूक "जरा धरून बघतो" हेसुद्धा लायसन्स खिशात असल्याशिवाय करू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. राज्याचे नियम वेगळे, ते आपापल्या राज्याच्या साइटवर बघा.

आता मूळ मुद्दा. रायफलमधून एक गोळी जाते, शॉटगनमधून बहुतेक वेळा छर्रे जातात, शे-दोनशे एकदम. बॅरल आतून गुळगुळीत असते, रायफलसारखे गोळीला फिरवणारे आटे नसतात. छर्रे बाहेर पडले की पसरत जातात, आणि ते किती पसरायला हवेत हे समोर काय आहे त्यावर अवलंबून. वीस यार्डावर भुर्रकन उठलेल्या पक्ष्यासाठी छर्रे लवकर पसरलेले बरे, चाळीस यार्डावर मान वर करून उभ्या टर्कीसाठी ते गच्च एकत्र हवेत. बॅरल निवडायची म्हणजे मुख्यतः हे पसरणं निवडायचं.

पण त्याआधी बॅरलवर काय कोरलंय ते वाचायला शिका. आपल्याकडे ज्याला 'बारा बोर' म्हणतात तेच इकडचं ट्वेल्व्ह गेज. नळीच्या आतल्या व्यासाएवढे शिशाचे गोळे केले आणि बारा गोळ्यांचं वजन मिळून एक पौंड भरलं, तर ते बारा गेज. म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक: बारा गेज साधारण १८.५ मिलिमीटर, वीस गेज १५.६. फक्त चारशे दहा या हिशोबात बसत नाही, तो सरळ इंचातला व्यास आहे, ०.४१० इंच. गेजच्या शेजारी दुसरा आकडा असतो, २¾, ३ किंवा ३½ इंच, ही चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेची लांबी. इथं खरी गोम आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची असते. त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीन इंची चेंबरमध्ये आरामात शिरतं, बंदूक बंद होते, सगळं ठीक वाटतं, आणि बार उडाल्यावर काडतुसाचं तोंड उघडायला जागाच उरत नाही, आतला दाब वाढतो. शिरलं म्हणजे चाललं असं इथं समजायचं नाही. छोटं काडतूस मोठ्या चेंबरमध्ये चालतं, मोठं छोट्यात कधीच नाही.

याहून भयंकर प्रकार म्हणजे बारा गेजच्या बंदुकीत चुकून वीसचं काडतूस जाणं. ते चेंबरमधून पुढं घसरतं आणि नळीत अडकून बसतं, चाप ओढला तर काहीच होत नाही, माणसाला वाटतं आपण भरलंच नव्हतं, तो मागून बाराचं भरतो आणि मग नळी फुटते, हाताजवळ. म्हणून वीस गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत आहे. जॅकेटच्या एका खिशात दोन गेजची काडतुसं ठेवायची नाहीत, विषय संपला.

आता चोक. बॅरलच्या तोंडाशी शेवटच्या दोन-तीन इंचांत नळी किंचित आवळलेली असते, त्या आवळण्याला चोक म्हणतात. किती आवळलेली? बारा गेजमध्ये इम्प्रूव्हड सिलिंडर म्हणजे व्यास साधारण पाव मिलिमीटरने कमी, मॉडिफाइड म्हणजे अर्धा, आणि फुल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. तुमच्या एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर आहे, म्हणजे सगळा खेळ त्याच्या आसपासचा, डोळ्याने नळीत बघून काही कळत नाही. पण परिणाम बघा. मोजायची रीत अशी की चाळीस यार्डावर तीस इंच व्यासाचं वर्तुळ धरायचं आणि त्यात किती टक्के छर्रे पडले ते मोजायचं. काहीच आवळलेलं नसेल, म्हणजे सिलिंडर, तर साधारण ४० टक्के, इम्प्रूव्हड सिलिंडर ५०, मॉडिफाइड ६०, फुल ७०. हे पुस्तकी आकडे, तुमच्या बंदुकीचे वेगळे निघणार, त्यावर पुढं येतोच.

पूर्वी चोक नळीतच कायमचा केलेला असायचा, म्हणून दुनळीमध्ये एक नळी मोकळी आणि एक आवळलेली द्यायचे, पहिला बार जवळ, दुसरा पक्षी लांब गेल्यावर. आता बहुतेक बॅरलच्या तोंडाला आतून स्क्रूसारखे आटे असतात आणि चोकची छोटी नळी आपण फिरवून बसवतो. म्हणजे एक बॅरल घेतली की पाच बॅरलचं काम होतं, निदान पक्ष्यांपुरतं तरी. चोकच्या कडेला खाचा असतात, बऱ्याच कंपन्यांत एक खाच म्हणजे फुल आणि पाच खाचा म्हणजे सिलिंडर. खाचा कमी तेवढा चोक घट्ट, नवीन माणूस हमखास उलटं समजतो. एका कंपनीचा चोक दुसरीत बसेलच असं नाही, ब्राउनिंगच्या तर स्वतःच्याच इन्व्हेक्टर आणि इन्व्हेक्टर प्लस या दोन जाती एकमेकींत बसत नाहीत. आणि चोक काढून रिकाम्या आट्यांवर बार काढायचा नाही, आटे खराब झाले की ती बॅरल गेली.

छर्ऱ्यांच्या नंबरचं एक सोपं गणित आहे. १७ मधून नंबर वजा करा, उत्तर आलं तेवढे शतांश इंच छर्ऱ्याचा व्यास. सहा नंबर म्हणजे ०.११ इंच, दोन नंबर म्हणजे ०.१५. नंबर वाढला की छर्रा बारीक. हे अमेरिकन माप हं. आपल्याकडे ब्रिटिश पद्धत आली, त्यामुळे तिकडचा पाच नंबर म्हणजे इकडचा सहा, आणि एलजी, एसजी ही जाड्या छर्ऱ्यांची नावं इकडे कोणाला कळत नाहीत. पुण्यात खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीची 'शक्तिमान' काडतुसं ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवर होती त्यांना एसजी तोंडपाठ असतं, त्यांच्यासाठी सांगतो, त्याच्या सगळ्यात जवळचं इकडचं माप म्हणजे डबल-ओ बक.

फेजंटपासून सुरू करू, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. कुत्रा पुढं, आपण मागं, आणि कोंबडा पंधरा-वीस यार्डावरून उठतो, चाप ओढेपर्यंत पंचवीस-तीसवर जातो. शिशाचे पाच किंवा सहा नंबर छर्रे, २६ किंवा २८ इंची बॅरल, चोक इम्प्रूव्हड सिलिंडर, आणि सीझन सरताना पक्षी हुशार होऊन लांबून उठायला लागले की मॉडिफाइड. सव्वा औंस पाच नंबरमध्ये दोनशेच्या वर छर्रे असतात, चाळीस यार्डावर मॉडिफाइडमधून सव्वाशेच्या आसपास त्या वर्तुळात पडतील, पुरेसे आहेत. फुल चोक लावून जवळून मारलात तर एक तर साफ चुकेल नाहीतर पक्षी खायच्या लायकीचा उरणार नाही. ससा, खार यांचीही गोष्ट जवळपास हीच, बंदूक हलकी वीस गेज असली तरी पुरते.

बदकं आली की सगळं बदलतं, कारण तिथं शिसं चालतच नाही. बदकं अन्न दळायला पोटात बारीक खडे घेतात, तळ्याच्या बुडाशी पडलेले छर्रेही खडे समजून गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात, ती खाऊन गरुडही मरतात. म्हणून १९९१ पासून अख्ख्या अमेरिकेत बदकं आणि हंसांच्या शिकारीत शिशावर बंदी आहे, आणि कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून सगळ्याच शिकारीत. बदकं नसली तरी, काही सरकारी जमिनींवर फेजंटसाठीसुद्धा शिसं चालत नाही, तेव्हा पाटी वाचूनच आत जा.

शिशाऐवजी आलं पोलाद म्हणजे स्टील, आणि बॅरलचा प्रश्न खरा इथं सुरू होतो. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८ च्या आसपास. हलका छर्रा वेग लवकर गमावतो, म्हणून दोन नंबरांनी जाडा छर्रा घ्यायचा, शिशाचा चार चालत असेल तिथं स्टीलचा दोन. दुसरं म्हणजे शिसं मऊ, चोकमधून जाताना दबतं, थोडं चेपतं, निघून जातं. स्टील दबत नाही. गोल राहतं, त्यामुळे जास्त एकत्र जातं, म्हणजे मॉडिफाइडमधून स्टील जवळजवळ फुलसारखं पडतं. म्हणून स्टीलला मॉडिफाइडपेक्षा घट्ट चोक लावायचा नाही, गरजही नाही आणि घट्ट चोकमधून मोठे स्टीलचे छर्रे काढत राहिलात तर नळीच्या तोंडाशी बाहेरून फुगवटा दिसायला लागतो, बोट फिरवलं की कडं लागतं हाताला. कोणाच्या सासऱ्यांनी जुनी सुंदर दुनळी दिली असेल, कायमच्या फुल चोकची, तर तिच्यात स्टील घालू नका. जुन्या बॅरलला बिस्मथचे छर्रे मिळतात, घनता ९.७ च्या आसपास, बरेच मऊ, महाग असतात पण बॅरलपेक्षा स्वस्त. आणि नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली, दमास्कस बॅरल, तर ती भिंतीवरच ठेवा, आजच्या पावडरच्या दाबासाठी ती केलेलीच नाही. बदकांसाठी लोक २८ किंवा ३० इंची बॅरल घेतात, त्याचं कारण पुढं सांगतो, ते तुम्हाला वाटतं ते नाही.

टर्कीला नेम डोक्यावर आणि मानेवर असतो, म्हणजे निशाण मुठीएवढं. इथं मात्र फुल किंवा खास टर्कीचा एक्स्ट्रा फुल चोक, शिशाचे चार, पाच किंवा सहा नंबर. बॅरल आखूड, २१ ते २४ इंच, कारण झाडाला टेकून बसायचं असतं आणि लांब नळी फांद्यांत अडकते. हल्ली टंगस्टनचे टीएसएस छर्रे निघालेत, घनता १८ च्या वर, म्हणून चक्क नऊ नंबरचा बारीक छर्रासुद्धा चाळीस यार्डावर काम करतो. पण टंगस्टन स्टीलपेक्षाही कडक, तेव्हा चोकवर तो टीएसएससाठी चालतो असं लिहिलेलं असलंच पाहिजे.

आणि आता हरीण, जिथं लोक सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी घालतात. आयोवा, इलिनॉय, ओहायो ही सपाट, शेतीची, वस्तीची राज्यं, इथं चुकलेली रायफलची गोळी मैलभर लांब कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडेल, म्हणून वर्षानुवर्षं हरणाला रायफल नव्हतीच, शॉटगन आणि तीही स्लगची. स्लग म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळा. ओहायोने २०१४ मध्ये, आयोवाने २०१७ मध्ये आणि इलिनॉयने २०२३ मध्ये सरळ (तोंडाकडे निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसाच्या काही रायफली चालू केल्या, तरी स्लगवाले अजून खूप आहेत.

स्लग दोन जातीचे आणि बॅरलही दोन जातीच्या, जोड्या नीट लावायच्या. पहिला फॉस्टर, १९३१ चा, अमेरिकन. मऊ शिसं, पुढं जड, मागं पोकळ, म्हणून न फिरताही तोंड पुढंच ठेवून जातो. त्याच्या अंगावर तिरप्या रेघा असतात आणि बॉक्सवर 'रायफल्ड स्लग' लिहिलेलं असतं, आणि इथंच गल्लत होते, लोकांना वाटतं रायफल्ड बॅरलसाठी आहे. नाही! तो गुळगुळीत नळीसाठी आहे, त्या रेघा मुख्यतः चोकमधून जाताना शिसं दबायला जागा मिळावी म्हणून. सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर चोक लावा, फुल किंवा टर्की चोकमधून स्लग काढू नका. साठ-सत्तर यार्डांपर्यंत हे मस्त चालतं, आणि आमच्याकडे हाकारा करून जी शिकार होते त्यात हरीण एवढ्याच अंतरावरून जातं. त्याच्या आधीचा जर्मन ब्रेनेके १८९८ चा, तोही गुळगुळीत नळीचाच.

दुसरा सॅबो. बारीक टोकदार गोळी आणि तिच्याभोवती प्लास्टिकचं कवच. ते कवच नळीतल्या आट्यांना धरतं, गोळीला फिरवतं आणि बाहेर पडलं की गळून जातं. म्हणजे याला पूर्ण आटे पाडलेली रायफल्ड बॅरलच हवी, तिच्यातून दीडशे यार्डावर भरवशाचा नेम लागतो. हीच गोळी गुळगुळीत नळीतून काढली तर ती फिरत नाही, फिरली नाही की लोळत जाते, आणि एवढं महाग काडतूस कुठं गेलं ते कळतही नाही. उलट रायफल्ड बॅरलमधून छर्रे काढले तर आटे त्यांनाही फिरवतात, सगळे बाहेर फेकले जातात आणि मधोमध भोक उरतं. रायफल्ड बॅरल ही फक्त स्लगची, तिला दुसऱ्या कामाला लावू नका.

बकशॉट म्हणजे जाडे छर्रे, डबल-ओ असेल तर पावणेतीन इंची काडतुसात साधारण नऊ. दक्षिणेतल्या काही राज्यांत दाट झाडीत हरणाला वापरतात, आयोवा-इलिनॉयमध्ये हरणाला चालत नाही, म्हणून त्यावर फार बोलत नाही.

लांबीचं राहिलं होतं. "लांब नळी म्हणजे लांब मार" हे आपल्याकडे आजोबांपासून ऐकत आलोय, आणि काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुकीत त्यात तथ्यही होतं, ती दारू सावकाश जळायची. आजची पावडर पहिल्या वीस-एक इंचांतच जळून जाते, पुढच्या प्रत्येक इंचामागे वेगात सेकंदाला पाच-दहा फुटांची वाढ, बाराशे-पंधराशेच्या हिशोबात ती नगण्य. पसरणं ठरवतो चोक, लांबी नाही. मग बदकांना ३० इंची का? कारण पुढं वजन असलं की बंदूक एका लयीत फिरते, उडत्या पक्ष्यामागे मध्येच थांबत नाही. आखूड नळी चटकन वळते पण तेवढीच चटकन थांबते. बाकी १८ इंचांपेक्षा आखूड नळी फेडरल कायद्यात वेगळ्याच भानगडीत जाते आणि जुनी नळी कापली की चोकही कापला जातो, तेव्हा करवत लांब ठेवा.

मग घ्यायचं काय? पक्षी आणि हरीण दोन्ही करायचं असेल तर रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० सारखी पंप बंदूक, दोन बॅरलसकट कॉम्बो मिळते: २८ इंची गुळगुळीत चोकवाली आणि २४ इंची रायफल्ड. मॅगझिनचं (बॅरलखालच्या काडतुसांच्या नळीचं) टोपण, मॉसबर्ग ५०० मध्ये टोकाचा स्क्रू, फिरवून काढायचं, बॅरल पुढं ओढायची, दुसरी बसवायची, पाच मिनिटांचं काम, अर्थात बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून, एकदा डोळ्याने आणि एकदा बोट घालून. सुटी बॅरल नंतर घेणार असाल तर मॉडेल आणि मॅगझिनची लांबी दोन्ही जुळतंय का ते बघा, मॉसबर्ग ५०० मध्ये लोक इथंच फसतात. रायफल्ड बॅरलवर स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) पट्टी बॅरललाच जोडलेली घ्या, म्हणजे बॅरल काढली तरी स्कोप तिच्याबरोबरच राहतो. फक्त पक्षी करणार असाल तर एक २८ इंची आणि तीन चोक, बास, दुकानदार काहीही म्हणो.

आणि मग कागद. चार फुटी ब्राउन पेपर घ्या, मध्ये ठिपका काढा, चाळीस यार्डावर लावा, फेजंटसाठी असेल तर तीसवरही, आणि एक बार काढा. ठिपक्याभोवती नाही, तर जिथं सगळ्यात दाट भोकं पडलीत तिथं मध्य धरून तीस इंचाचं वर्तुळ काढा आणि पेनने एकेक भोकावर खूण करत मोजा. काडतुसात छर्रे किती ते बॉक्सवरच्या वजनावरून निघतं, शिशाचे सहा नंबर एका औंसात सव्वादोनशे. भागाकार करा. मग नुसते टक्के बघू नका, मोकळ्या जागा बघा, तळहाताएवढी जागा कोरी असेल तर त्यातून पक्षी सुटतो. असं एका काडतुसाला तीन कागद, मग चोक बदला, मग ब्रँड बदला. एकाच चोकमधून दोन कंपन्यांचे सारखेच दोन नंबर स्टील इतके वेगळे पडतात की विश्वास बसत नाही. आणि दाट भाग ठिपक्याच्या एका बाजूला सरकलेला दिसला तर दोष तुमच्या खांद्याचा, दस्त्याच्या मापाचा किंवा बॅरलचा, ते सीझनआधी कळलेलं बरं.

स्लगलाही हेच, फक्त तिथं भोकं मोजायची नाहीत, बंदूक टेकवून तीन बार काढायचे आणि तीन भोकं किती जवळ आली ते बघायचं, आधी पन्नास यार्डावर मग शंभरवर. सॅबो पाचाच्या बॉक्समध्ये येतात, दोन-तीन ब्रँडचा एकेक बॉक्स आणा, बॅरलला जो आवडेल तोच पुढं वापरा, कारण प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते आणि ती महागड्याकडेच असेल असं नाही. आवडला की त्याचे चार बॉक्स तेव्हाच घेऊन ठेवा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानात ते मिळत नाहीत.